वजन जास्त असताना बाहेर चालायला संकोच वाटतो. नागपूरकरांनो, तुम्ही यातून कसे बाहेर आलात?

मृण्मयी_न
नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

वय ३६, उंची पाच फूट दोन इंच, वजन ९२ किलो. त्रिमूर्ती नगरात राहते. मागच्या तपासणीत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी रक्तशर्करा) ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, गोळी आत्ता नको, रोज चालायला लागा, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. चालायला माझी ना नाही. कॉलेजात असताना आम्ही मैत्रिणी सीताबर्डीहून धरमपेठेपर्यंत गप्पा मारत चालत यायचो. अडचण आहे ती दाराबाहेर पडण्याची. बूट घालून निघालं की सगळी गल्ली आपल्याकडेच बघते आहे असं वाटतं. कॉलनीतले काका बाकावरून "अरे वा, सुरू केलं का?" विचारतात, तेही नको होतं. फुटाळा तलावावर गेले तर बाइकवरची पोरं जवळून जाताना मोठ्याने काहीतरी बोलून हसली. काय बोलली ते लिहीत नाही. तेव्हापासून हॉलमध्येच फेऱ्या मारते आणि ते चार दिवसांत बंद पडतं.

प्रश्न सरळ आहेत. हा संकोच कधी जातो का? आधी घरात थोडं वजन उतरवून मग बाहेर पडावं, की आहे तसंच? आणि नागपुरात निवांत चालता येईल अशी जागा आणि वेळ कोणती? "दुर्लक्ष करा" हे उत्तर कृपया नको. ते मी रोज स्वतःला देते.

वऱ्हाडी_ठेचा
ताई, फुटाळ्यावर संध्याकाळी सडपातळ माणसाले बी चालता येत नाही. भुट्टेवाले, फुगेवाले, सेल्फीवाले, यातून वाट काढनं हाच तिथला व्यायाम हाय. सकाळी जा नं बाप्पा. तवा तिथं फक्त चालनारे असतात, आन् ते आपापल्या बीपीच्या काळजीत असतात, कोनाकडे पाहात नाहीत.

सिव्हिल_लाइन्सवाला
जागांचं सांगतो, गेली कित्येक वर्षं हेच करतो आहे.

सिव्हिल लाइन्सचे आतले रस्ते सगळ्यात उत्तम. रुंद आहेत, दोन्हीकडे मोठी झाडं, सकाळी वाहनं कमी. बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला न्याहाळणारं कोणी नाही, कारण बाकच कमी आहेत. महाराजबागही चांगली. कृषी विद्यापीठाची जागा, झाडं जुनी, आणि सकाळी येणाऱ्यांत सगळ्या वयाची, सगळ्या आकारांची माणसं असतात. आत सोडायची वेळ मात्र गेटवर विचारून घ्या. सेमिनरी हिल्सला चढ आहे, सुरुवातीला दम लागेल, महिनाभराने जा. गोरेवाड्याकडे हवा छान, पण मृण्मयीताई, तिकडे एकट्याने अंधारात जाऊ नका. कोणी सोबत असेल तरच.

अंबाझरीला तलावाकडे रविवारी सकाळी जत्रा असते, बाकीचे दिवस बरे.

माहेरवाशीण
+१ महाराजबागेला. मी आता पुण्यात असते, पण माहेरी आले की बाबांसोबत तिथेच जाते. तिथे मोठ्याने हसणारी जी मंडळी आहेत ती हास्यक्लबवाली, ती कोणालाही हसत नाहीत, नुसतीच हसतात.

धंतोलीची_काकू
मृण्मयी, तुला तू म्हणते, माझी धाकटी भाची तुझ्याच वयाची आहे.

मी चालायला लागले तेव्हा पन्नाशी उलटली होती आणि वजन तुझ्यापेक्षा जास्त होतं. नऊवारी नेसणाऱ्या घरातली मी, पंजाबी ड्रेस घालून बागेत जायचं हेच मोठं धाडस. मला ज्या गोष्टीने बाहेर काढलं ती म्हणजे सोबत. शेजारची एक आणि तिची नणंद, आम्ही तिघी. तिघी मिळून चाललो की कोणाची बघायची हिंमत होत नाही, आणि कोणी बघितलंच तर आपलं लक्ष गप्पांत असतं. आता आम्ही सात-आठ जणी आहोत. कोणी जाड, कोणी बारीक, एकीचे दोन्ही गुडघे बदललेले. आमच्यात एक नियम आहे: वजन किती उतरलं हे कोणी कोणाला विचारायचं नाही. "काल का नाही आलीस" एवढं विचारायचं.

तू म्हणतेस ना, आधी बारीक होऊन मग बाहेर पडू? अगं, तसं म्हणत म्हणत माझी पंधरा वर्षं गेली.

रोखठोक_भाऊ
इथे सगळे गोडगोड बोलून राहिले म्हणून वेगळं मत मांडतो. लाज वाटते हे चांगलं लक्षण आहे. लाज वाटते म्हणूनच माणूस काहीतरी करतो. आमच्या वेळी शाळेत पीटीचे सर सगळ्यांसमोर नावं ठेवायचे, मुलं धावायची आणि बारीक व्हायची. आता सगळ्यांना "तू जशी आहेस तशी छान" म्हणायचं आणि साखर वाढत बसायची. एनएफएचएस-५ म्हणजे २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण वाचा, देशातल्या २४ टक्के बायका आणि जवळजवळ २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे निघाले. हे लाज सोडल्यामुळेच.

शलाका_ड
रोखठोक भाऊ, तुमच्या त्या पीटीच्या तासाला मीही होते, म्हणजे दुसऱ्या शाळेत. "ट्रक आला, बाजूला व्हा" असं सरांनी म्हटल्यावर अख्खा वर्ग हसला. मी बारीक झाले नाही. मी पीटीच्या तासाला पोट दुखतं म्हणून वर्गात बसायला लागले, आणि पुढे वीस वर्षं खेळाच्या नावाने माझ्या अंगावर काटा यायचा. तुम्हाला धावलेली मुलं आठवतात, वर्गात बसून राहिलेल्या आम्ही तुम्हाला दिसलोच नाही.

आणि हे फक्त माझं म्हणणं नाही. वजनावरून हिणवलं गेल्याचे अनुभव ज्यांना जास्त, त्या व्यायाम जास्त टाळतात, असं कॉलेजच्या मुलींवरच्या २००८ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. लाजेने माणूस घरात बसतो. मृण्मयीचंच बघा ना, फुटाळ्यावरची पोरं हसली आणि चालणं बंद झालं. तुमच्या हिशेबाने ती दुसऱ्या दिवशी दुप्पट चालायला हवी होती.

वऱ्हाडी_ठेचा
शलाकाताईशी सहमत. जोरदार.

मानसी_पी
मानसशास्त्र शिकते आहे, म्हणून एक प्रयोग सांगते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी केलेला, २००० साली प्रसिद्ध झालेला. एका वेळी एका विद्यार्थ्याला गायक बॅरी मॅनिलोचा मोठा फोटो असलेला टीशर्ट घालायला दिला. त्या वयाच्या मुलांना तो घालून फिरायला लाज वाटावी असा. मग त्याला इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत क्षणभर पाठवलं. बाहेर आल्यावर विचारलं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? टीशर्टवाल्यांना सरासरी वाटलं, निम्म्यांच्या. प्रत्यक्षात लक्षात आलं होतं साधारण पावपट लोकांच्या.

म्हणजे आपल्याला वाटतं त्याच्या निम्मीच माणसं आपल्याकडे बघत असतात. मला स्वतःला स्टेजवर बोलताना याचा खूप उपयोग झाला.

शलाका_ड
मानसी, प्रयोग छान आहे आणि उपयोगी आहे. पण पावपट म्हणजे शून्य नव्हे. जाड बाई रस्त्यावर चालताना काही जण खरंच बघतात, काही खरंच बोलतात. मृण्मयीने ऐकलेले शब्द तिच्या मनाचे खेळ नव्हते. "तुला उगाच वाटतं" असं सांगितलं की तिच्या वाट्याला दोन त्रास येतात, एक बोलणाऱ्याचा आणि एक आपण वेड्या ठरल्याचा. त्यापेक्षा म्हणू या की काही लोक बघतात, वाटतात त्यापेक्षा बरेच कमी बघतात, आणि जे बघतात त्यांना बघण्याचा अधिकार नाही. रस्ता मनपाचा आहे, आपण सगळेच त्यासाठी कर भरतो.

मानसी_पी
हे पटलं. "निम्मी" हा शब्द धरून ठेवा एवढंच म्हणते.

विनोद_हिंगणा
पुरुषांचंही लिहायला हवं. माझं वजन ११८ होतं. पुरुषाची छेड काढत नाहीत हे खरं, पण "क्या पहलवान, आज कितना दौडे" हे रोजचं. मित्रच म्हणतात, प्रेमाने म्हणतात, म्हणून रागावताही येत नाही. मी जिममध्ये गेलो तर ट्रेनरने पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर कमरेला टेप लावून आकडा मोठ्याने वाचला. परत गेलो नाही.

मग बागेतली ग्रीन जिम पाहिली. आमच्याकडच्या बागेत ती लोखंडी यंत्रं आहेत, फुकट. दुपारी अकराच्या सुमाराला, माझी शिफ्ट सुटल्यावर, तिथे कोणी नसायचं. हात-पायांची यंत्रं शिकलो, अंगात जोर आला, आणि मग सकाळच्या गर्दीत जायला काही वाटेना. म्हणजे आधी जागेची सवय झाली, नंतर माणसांची. मृण्मयीताई, तुमच्या "आधी घरात की थेट बाहेर" याला माझं उत्तर तिसरं आहे: बाहेरच, पण रिकाम्या वेळी.

उन्हाळ्यात अकरा वाजता जाऊ नका, हे सांगायला नको. २३ मे २०१३ ला आपण ४७.९ अंश पाहिलेत.

सिव्हिल_लाइन्सवाला
विनोदभाऊंना अनुमोदन, पण एक शंका. लोक नसतानाच जायचं असं ठरवलं तर माणूस कायमचा लपूनच चालत राहतो. पहाटे पाचला अंधारात चालणाऱ्या, दुपट्ट्याने तोंड झाकलेल्या बायका मी रोज पाहतो. त्यांनी सहाला, उजेडात यावं असं वाटतं.

धंतोलीची_काकू
भाऊ, दुपट्टा नागपूरच्या पोरी उन्हासाठीही बांधतात, लपायलाच असतो असं नाही. पण चालताना तोंडावर घट्ट बांधू नका गं. दम लागतो तेव्हा श्वास कोंडतो आणि घामाने कापड नाकाला चिकटतं. डोक्यावरून सैल घ्या किंवा टोपी घाला.

पहाटेचं म्हणाल तर मीही तशीच सुरुवात केली. कोणाला अंधाराचा आधार वाटत असेल तर घेऊ दे. हळूहळू घड्याळ आपोआप पुढे सरकतं.

शलाका_ड
पहाटेच्या अंधाराबाबत मी सिव्हिल लाइन्सवाल्या दादांच्या बाजूची, पण कारण वेगळं. बाईला अंधार सुरक्षित नाही. फेब्रुवारीत पावणेसातशिवाय नीट उजाडत नाही, मेमध्ये साडेपाचला उजाडतं. उन्हाळा या एका बाबतीत आपल्या बाजूचा आहे.

हाडवैद्य
मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. कोणाची तपासणी इथे करत नाही, सर्वसाधारण लिहितो.

मृण्मयीताई, ५.७ ते ६.४ एचबीएवनसी म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. इथून मागे फिरता येतं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने भारतीयांवरच केलेला मोठा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आहार आणि चालण्याने मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या गोळीने २६.४ टक्क्यांनी. म्हणजे चालणं आणि गोळी जवळपास बरोबरीत. माझ्या मते या धाग्यात हेच सर्वांत महत्त्वाचं आहे, कारण स्नायू कामाला लागले की ते रक्तातली साखर ओढून घेतात, वजनाचा काटा तसूभर हलला नाही तरी. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी जेवणानंतरची साखर कमी चढते. तुम्ही बारीक दिसायला लागायच्या आधीच तुमचं चालणं कामाला आलेलं असेल.

किती चालायचं? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम गतीचा व्यायाम सांगते, आणि दोन दिवस ताकदीचा. मध्यम गती म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. सुरुवातीला दहा मिनिटंही पुरे. पळू नका, निदान सुरुवातीचे काही महिने. गुडघे दुखणाऱ्या जास्त वजनाच्या लोकांवरच्या २००५ च्या अभ्यासात असं दिसलं की एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. हाच हिशेब उलटाही लागू आहे, म्हणून घाई नको.

बूट संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडे सुजतात. पंजा रुंद असेल तर रुंद बूटच मागा, नंबर वाढवून घेऊ नका. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, नेहमीपेक्षा वेगळा दम लागला तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

नंदिनी_सदर
डॉक्टरांनी जे लिहिलं नाही ते मी लिहिते, कारण पुरुष हे लिहीत नाहीत. मांड्या एकमेकींना घासून लाल होतात, आग होते, आणि त्यामुळे बायका चालणं सोडतात. कोणाला सांगतही नाहीत. सलवार किंवा ट्रॅकपँटच्या आत मांडीपर्यंतची सायकलिंग शॉर्ट्स घाला, नाहीतर निघायच्या आधी मांड्यांना व्हॅसलीन लावा. दुसरं, चांगली स्पोर्ट्स ब्रा. आपल्या मापाची मिळायला दोन-तीन दुकानं हिंडावी लागतात, हिंडा. अर्धा संकोच हा अंग हलण्याचा असतो, तो त्याने जातो. आणि वरचा कुर्ता पातळ, सैल. जाड सुती घामाने ओला होऊन अंगाला चिकटतो, मग अजूनच अवघडल्यासारखं होतं.

शुभांगी_मनीषनगर
नंदिनी, देव तुझं भलं करो. व्हॅसलीनचं मला दहा वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर!

जलपरी_नागपूर
मी वेगळा रस्ता सुचवते: पोहणं, किंवा नुसतं पाण्यात चालणं. हसू नका, कॉस्च्यूममध्ये संकोच जास्त वाटेल हे मला माहीत आहे. पण मी जाते तिथे बायकांची वेगळी वेळ आहे. चेंजिंग रूमपासून पाण्यापर्यंतच्या दहा पावलांचाच काय तो प्रश्न, टॉवेल गुंडाळून जायचं आणि काठावर सोडायचा. एकदा पाण्यात उतरलं की फक्त डोकं दिसतं. छातीपर्यंतच्या पाण्यात शरीराचं वजन साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतं, गुडघ्यांना काही कळत नाही. गुडघा-ते-कोपर झाकणारे स्विमसूटही मिळतात, आमच्याकडे निम्म्या जणी तेच घालतात.

वऱ्हाडी_ठेचा
एक ईचारू का? चालून झाल्यावर कस्तुरचंद पार्काजवळ तर्री पोहे खाल्ले तर हिशेबात धरायचे का नाही?

माहेरवाशीण
ठेचाभाऊ, वरून शेव घातली तर धरायचे. पुण्यात बसून हे वाचून माझे डोळे भरून आले.

अजित_मानेवाडा
पोह्यांचा विषय निघालाच आहे तर: दोन वेळा जेवा, मधे काही नाही, ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. डॉ. दीक्षितांचं हे सूत्र मुळात आपल्या काटोलच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारातून आलं. नागपूरकरांनीच ते विसरावं? मी करतो, मला फायदा झाला.

शुभांगी_मनीषनगर
मला नाही झाला. दोन वेळात भुकेने इतकं खाल्लं जायचं की विचारू नका. आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर हे माझ्या वजनाला पहिल्या आठवड्यात शक्यच नव्हतं. ते जमलं नाही म्हणून मी सगळंच सोडून दिलं होतं.

अजित_मानेवाडा
हळूहळू वाढवायचं असतं ताई. आणि दोनदा जेवायचं म्हणजे...

संपादक
आहारपद्धतींवर स्वतंत्र धागे आहेत, तिथे चर्चा करावी. तर्री पोह्यांवरही आहे. इथे मूळ विषयाकडे यावं ही विनंती.

कीर्ती_वर्धारोड
मूळ विषयाकडे येते. माझ्या बाबतीत रस्त्यावरचे लोक अडचण नव्हतेच, घरचे होते. सासूबाई म्हणायच्या, "एवढं घर आहे, फरशी पुसली तर जिम कशाला?" नवरा काही बोलायचा नाही, पण मी बूट घालताना पेपरातून डोकं वर काढून बघायचा. बाहेर पडायच्या आधीच मी अर्धी थकलेली असायचे.

फरशी पुसण्याने हालचाल होते, नाही असं नाही. पण मला रोजचा अर्धा तास असा हवा होता ज्यात कोणी हाक मारणार नाही. शेवटी मी सासूबाईंनाच विचारलं, चला का माझ्याबरोबर? आधी नाही म्हणाल्या. आता त्या रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाच्या वर्गाला जातात. तिथे शिकवण्याचे पैसे घेत नाहीत. आणि मी बाहेर रस्त्यावर चालते, दोघी बरोबर घरी येतो. मृण्मयी, योगाचाही विचार कर. त्यांचे वर्ग शहरात ठिकठिकाणी चालतात. वर्गात सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात, तुझ्यासाठी तोही एक फायदा.

रोखठोक_भाऊ
सगळं वाचलं. शलाकाताईंच्या शाळेतल्या त्या वाक्याचं वाईट वाटलं, तसं कोणी बोलू नये. तरी माझं म्हणणं कायम आहे की माणसाला थोडा धाक हवा. डॉक्टरांनी ६.१ सांगितलं नसतं तर या ताई बूट घालायला गेल्याच नसत्या.

शलाका_ड
भाऊ, धाक आणि अपमान यांत फरक आहे एवढंच माझं म्हणणं. डॉक्टरांनी आकडा सांगितला, खोलीत, दार लावून. विनोदभाऊंच्या ट्रेनरनेही आकडाच सांगितला, सगळ्यांसमोर. एकाने माणूस चालायला लागला, दुसऱ्याने जिम सोडून गेला.

रोखठोक_भाऊ
हे उदाहरण बरोबर दिलंत. यावर विचार करतो.

धंतोलीची_काकू
मृण्मयी, तू आहेस कुठे? धागा काढून गायब झालीस. मी तुला निरोप टाकला आहे, बघ.

मृण्मयी_न
इथेच आहे. रोज वाचत होते, लिहायला धीर होत नव्हता. नंदिनीचा प्रतिसाद वाचून दुकानं हिंडले, तेवढं आधी केलं.

आणि काकूंच्या निरोपाला उत्तर दिलं. गेल्या आठवड्यात त्यांच्या गटाबरोबर महाराजबागेत गेले. आदल्या रात्री नीट झोप आली नाही, सकाळी नवऱ्याने गाडीवर सोडलं नसतं तर रद्दच केलं असतं. गेटजवळ काकू उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं नाही, सरळ म्हणाल्या, "ही बघ, हिचे दोन्ही गुडघे स्टीलचे, तरी तुझ्यापुढे जाईल." आणि खरंच गेली.

खोटं लिहीत नाही, पहिली फेरी पूर्ण होईपर्यंत माझी मान खाली होती. दुसऱ्या फेरीत वर करून बघितलं तर एक आजोबा स्वतःच्या पायांकडे बघत चालले होते, दोन मुली मोबाइलमध्ये, एक जण उलटे चालत होते. एका बाईने मात्र बघितलं, नीट बघितलं. ती माझ्याएवढीच होती. ती हसली, मीही हसले. त्यानंतर रोज जाते असं नाही, पण जाते. कॉलनीतल्या काकांना मी आता आपणहून "निघाले हो" म्हणून सांगते, म्हणजे त्यांना विचारायला काही उरत नाही.

माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला असं मिळालं: संकोच आधी जात नाही. तो बरोबर घेऊनच निघावं लागतं. गटात मात्र त्याच्याकडे लक्ष द्यायला वेळ मिळत नाही. मानसी, "निम्मी" मी धरून ठेवलं आहे. शलाका, तूही बरोबर. फुटाळ्याला एकटी संध्याकाळी मी अजूनही जाणार नाही, आणि त्यात माझं काही चुकतं असं मला आता वाटत नाही.

हाडवैद्य, एक प्रश्न. सकाळी पलंगावरून उतरताना पहिली काही पावलं डाव्या टाचेत टोचतं, मग बरं होतं. चालणं थांबवू का?

विनोद_हिंगणा
मस्त! ती उलटं चालणारी व्यक्ती प्रत्येक बागेत असते.

हाडवैद्य
सकाळची पहिली पावलं टोचणं हे बहुधा तळव्याच्या पडद्याला सूज आल्याने होतं. चालणं लगेच वाढवल्यावर बऱ्याच जणांना होतं. बंद करू नका, थोडं कमी करा. घरात अनवाणी फिरू नका, मऊ चप्पल घाला. उठण्यापूर्वी पलंगावरच पायाची बोटं हाताने स्वतःकडे ओढून अर्धा मिनिट धरा, तीन-चार वेळा. पोटरीचे ताणही करा. दोन-तीन आठवड्यांत कमी झालं नाही तर तुमच्या डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवा, टाच न पाहता यापेक्षा जास्त सांगणं बरोबर नाही.

नवीन_आई
खूप दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठीच. सिझेरियनला पाच महिने झाले, वजन वीस किलोंनी वाढलेलं आहे. डॉक्टरांनी चालायची परवानगी दिली आहे. पण बाहेर भेटेल तो म्हणतो, "अगं, किती सुटलीस!" काकू, तुमच्या गटात मी येऊ शकते का? बाळाला घरी ठेवायला कोणी नाही.

धंतोलीची_काकू
ये की. बाळाला घेऊन ये, आमच्यातल्या दोघी तर बाळ मिळणार म्हणून दहा मिनिटं आधी येतील. निरोपात नंबर टाकते. "किती सुटलीस" म्हणणारं कोणी भेटलं तर माझ्याकडे पाठव.

वऱ्हाडी_ठेचा
काकू, मानसाइले बी घेता का गटात?

धंतोलीची_काकू
नाही हो भाऊ. विनोदभाऊ, सिव्हिल लाइन्सवाले आणि तुम्ही तिघं मिळून तुमचा काढा.

विनोद_हिंगणा
रविवारी सहा वाजता, सिव्हिल लाइन्स, लेडीज क्लब चौक. रोखठोक भाऊ, तुम्हीही या.

रोखठोक_भाऊ
येतो. पोहे नंतर.